काण्या डोळ्याचा ड्राइव्ह

ईस्टरआधीच्या लाजारच्या शनिवारला आठ दिवस उरले होते आणि तेमेनुगाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सूपचा वाडगा ठेवण्याएवढीही जागा उरली नव्हती. एका कडेला मुलाने पाठवलेला नवा लॅपटॉप, शाळेच्या वहीइतका पातळ. दुसऱ्या कडेला छत्तीस वर्षांचा फ्लॉपी ड्राइव्ह, विटेइतका जड. दोघांमध्ये हातभर अंतर होतं, आणि एवढं हातभर अंतर जोडायला अख्ख्या स्तारा झागोरात एक सरळ वायर मिळत नव्हती. ज्या गावाने एकेकाळी अर्ध्या जगाला डिस्क ड्राइव्ह पुरवले, त्या गावात!

बरोबर आठ वाजता फोन वाजला. मोठी बहीण वेलिका. ती खेड्यात, ओरेहोवित्सात राहायची, आणि तिच्या फोनवर घड्याळ लावता आलं असतं.

"उघडली का तुझी पेटी?"

"ताई, पेटी नाही, ड्राइव्ह आहे. आणि नाही उघडली."

"एकोणीस वर्षांनी गावात पाच मुली जमल्यात, तेमे. पाच! लाजारच्या दिवशी घरोघर जाऊन गायचंय त्यांना. आणि मला येतं एकच गाणं, तेही अर्धं. आता ते एकच गाणं मेंढपाळाच्या घरी, बाळंतिणीच्या घरी, म्हाताऱ्या यानेबाबाच्या घरी सगळीकडे म्हणायचं? लोक हसतील. आई प्रत्येक दाराला वेगळं गाणं म्हणायची."

"मला माहीत आहे."

"तुला सगळं माहीत असतं. वही जाळली तेव्हाही तुला सगळं माहीत होतं."

यावर तेमेनुगाने फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटायचा होता, पण हल्लीचे फोन आपटता येत नाहीत, नुसतं बोटाने काचेवर ढकलावं लागतं. रागाचीही सोय राहिली नाही.

वहीची गोष्ट अशी. त्यांच्या आईकडे लाजारच्या गाण्यांची वही होती. त्रेचाळीस गाणी: कुमारिकेचं, विधुराचं, मधमाश्यावाल्याचं, घरातला माणूस सैन्यात असेल त्याचं. १९८८च्या हिवाळ्यात तेमेनुगाच्या नवऱ्याने, ल्युबेनने, ती सगळी घरच्या देशी बनावटीच्या प्रावेत्स संगणकावर टंकून घेतली. ल्युबेन शाळेत गणित शिकवायचा, शांत माणूस, दोन बोटांनी टंकायचा. काम झालं तेव्हा वहीची पानं सुटून आली होती, कडा उंदराने खाल्ल्या होत्या. आईने विचारलं, आता हिचं काय करू? आणि तेमेनुगा, डिस्कच्या कारखान्यातली पहिल्या दर्जाची कामगार, छाती काढून म्हणाली, "आई, डिस्क शंभर वर्षं टिकते. आम्हीच तर बनवतो." त्या भरवशावर आईने त्या वहीने चूल पेटवली. स्वतःच्या हाताने.

तीन वर्षांनी घरचा ड्राइव्ह बंद पडला. ल्युबेनने डिस्का शाळेत नेल्या. शाळेत सोळा संगणक होते. सोळाही संगणकांनी त्याच्या डिस्का वाचायला नकार दिला.

आता आई नव्हती, ल्युबेन जाऊनही सहा वर्षं झाली होती. उरल्या होत्या त्या चार डिस्का, पाकिटावर त्याच्या नेटक्या अक्षरात "आईची गाणी १", "२", "३", "४". या वर्षी मुली जमल्या म्हणून वेलिकाने तगादा लावला, आणि तेमेनुगाने पेन्शनीतून एक छोटा सर्किट बोर्ड मागवला. जुन्या ड्राइव्हमधून जे काही चुंबकी कुजबुजणं येतं ते नव्या संगणकाला कळेल असं करून देणारा. जाहिरातीत म्हटलं होतं, पाच मिनिटांत जोडा.

पाच मिनिटांतलं पहिलं मिनिट दीड दिवस चाललं. बोर्डाची वायर चपट्या तोंडाची आणि लॅपटॉपला भोकं दोनच, तीही तांदळाच्या दाण्याएवढी. ती ड्राइव्ह पिशवीत घालून खालच्या रस्त्यावरच्या इस्क्रेनच्या दुकानात गेली. इस्क्रेन चाळिशीचा, मोबाइलच्या काचा बदलणारा.

"मावशी, हा टोस्टर कुठून आणलास?"

"टोस्टर तुझा बाप. हा ड्राइव्ह आहे. याच्यावर मॉस्कोतले हिशेब चालायचे."

"म्हणूनच बुडालं वाटतं मॉस्को." त्याने डोळ्यावर भिंग चढवून आत पाहिलं. "संग्रहालयात दे. सुट्टीच्या दिवशी पोरं बघायला येतील."

"मला जोडणी पाहिजे. सल्ला फुकट मिळतो, तो मी घरीच घेते."

जोडणी मिळाली. घरी येऊन लावली तर संगणक म्हणाला, यंत्र ओळखता आलं नाही. उलटी लावली, तरी नाही. काढून पुसून लावली, तेव्हा ओळखलं, पण ड्राइव्ह ढिम्म. मग लक्षात आलं की या विटेला बारा व्होल्ट लागतात आणि लॅपटॉप जेमतेम पाच देतो. शेजाऱ्याने जिन्याखाली टाकलेल्या संगणकातून वीजपेटी उचकटून आणली. तीही आपोआप सुरू होईना. तिच्या दोन तारा एकमेकींना टेकवाव्या लागतात. तेमेनुगाने केसांतली पिन काढून खुपसली. पंखा घुरघुरला. ड्राइव्हचा लाल दिवा लागला. आणि लागलेलाच राहिला.

दिवा लागलेला राहणं म्हणजे ड्राइव्ह आणि बोर्ड जोडणारी पट्टी-वायर उलटी. हे तिला झोपेतही माहीत होतं, तरीही तिने ती उलटी लावली होती. या गोष्टीचा तिला इतका संताप आला की तिने पट्टी-वायरीला आईवरून शिवी दिली. पट्टी सुलटी केली. मग कळलं की या जातीच्या पट्टीला मध्ये एक पीळ असतो आणि पिळाच्या अलीकडच्या टोकाला लावलं तर संगणकाला ड्राइव्ह दिसतच नाही. पलीकडच्या टोकाला लावायचं, तर वायर टेबलावरून स्टुलापर्यंतच पोचायची. मग ड्राइव्ह स्टुलावर, वीजपेटी जमिनीवर, लॅपटॉप ब्रेडच्या डब्यावर. भाकरी एका टोपलीत आणि तिखट दुसऱ्या टोपलीत, तसा संसार मांडून ती पाचव्या दिवशी खुर्चीत बसली.

हा ड्राइव्ह तिची जुनी मैत्रीण झोर्का हिने तळघरातून काढून दिला होता. दोघी कारखान्यात एकाच बाकावर बसायच्या. दारूगोळा आधी तपासावा म्हणून तेमेनुगाने झोर्काचीच एक जुनी डिस्क आत सरकवली. ड्राइव्हने घसा खाकरला, टक-टक-टक केलं, आणि पडद्यावर एकेक चौकोन हिरवा होत गेला. पस्तीसच्या पस्तीस हिरवे. तेमेनुगा उभी राहिली. टाळी वाजवायला कोणी नव्हतं म्हणून तिने स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

मग "आईची गाणी १".

लाल. लाल. लाल. एखादा चौकोन पिवळसर व्हायचा आणि पुन्हा लाल. दुसरी डिस्क लाल. तिसरी, चौथी, सगळ्या लाल. तिने डिस्का पुसल्या, ड्राइव्हचं डोकं स्पिरिटने पुसलं, वीजपेटी बदलली, पिन बदलली, इस्क्रेनला वर बोलावून घेतलं. त्याने एक नजर टाकली.

"मावशी, ड्राइव्ह चांगला, बोर्ड चांगला, दुसरी डिस्क वाचतोय. मग चूक लिहिणाऱ्याची. काकांनी नीट लिहिलंच नसेल."

"काकांनी आयुष्यात एक स्वल्पविराम चुकवला नाही!" ती एवढ्या जोरात ओरडली की इस्क्रेनने हात वर केले आणि बूट घालून निघून गेला.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तिने झोर्काला फोन लावला. लावला तो भांडायलाच. नाचता येईना की अंगण वाकडं, हे तिला कळत होतं, पण कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं.

"तुझा ड्राइव्ह वाकडा आहे, झोर्का."

"माझा? माझ्या ड्राइव्हवर तुझा शिक्का आहे बघ. सत्तावीस नंबर. तूच पास केलायस, मांजराचे दोन्ही डोळे बघून." झोर्का हसली. "वाकडा असेल तर तुमच्या घरचा असेल. कारखान्यातून घरी कोणी चांगला माल आणला होता का कधी? चांगला सगळा आगगाडीत बसून रशियाला जायचा. आपल्या नशिबी बाद माल."

"आमचा बाद नव्हता. बक्षीस मिळाला होता."

"बक्षीस?" झोर्का म्हणाली. "बक्षीस म्हणून टॉवेल मिळायचे, तेमे."

तेमेनुगा फोन हातात घेऊन स्टुलावरच्या ड्राइव्हकडे बघत राहिली.

कारखान्यात तिचं काम एकच होतं, चौदा वर्षं. ड्राइव्हच्या आतलं डोकं डिस्कवरच्या न दिसणाऱ्या वर्तुळांवर नेमकं बसवायचं. मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावर दोन फुगीर आकार दिसत. बायका त्यांना मांजराचे डोळे म्हणत. दोन्ही डोळे सारखे, म्हणजे माल पास, स्क्रूवर लाल लाखेचा थेंब, सत्तावीस नंबरचा शिक्का. एक डोळा बारीक, म्हणजे बाद. बाद माल मोडीत निघे, आणि मोडीतलं सामान मेस्तरीला एक बाटली दिली की पिशवीतून घरी जाई.

१९८८च्या शरदात ल्युबेनला शाळेतला जुना संगणक घरी मिळाला, पण ड्राइव्ह नव्हता. रोज तो कॅसेटवरून काहीतरी चढवायचा आणि अर्ध्यात अडकायचा. तेव्हा तेमेनुगाने एका दुपारी एक उत्तम ड्राइव्ह घेतला, दोन्ही डोळे टपोरे, आणि त्याचा स्क्रू मुद्दाम फिरवला. डावा डोळा अर्धा होईपर्यंत. काणं मांजर. बाद. घरी नेऊन पुन्हा सरळ करू, असं मनाशी म्हणाली. पण घरी ना मोजणीचं यंत्र ना मापाची डिस्क. आणि गंमत अशी की वाकडं डोकं वाकडंच लिहितं आणि वाकडंच वाचतं; स्वतःचं लिहिलेलं त्याला अगदी सरळ दिसतं. तीन वर्षं तो ड्राइव्ह कुरकुर न करता चालला. ल्युबेनला तिने सांगितलं, उत्तम कामगार म्हणून बक्षीस मिळाला. तो प्रामाणिक माणूस. चोरीच्या ड्राइव्हवर त्याने सासूची गाणी लिहिली नसती.

मग शाळेतल्या सोळा सरळ डोक्यांनी त्याच्या डिस्का नाकारल्या, तेव्हा तिला कळलं नव्हतं का? कळलं होतं. किडलेली दाढ कोणती ते माणसाला कळतं आणि तो दुसऱ्या बाजूने चावतो, तसं कळलं होतं. कारखान्यात तेव्हा माणसं कमी करत होते. चोरी उघड झाली असती तर पहिलं नाव तिचं. ती गप्प बसली. ल्युबेन म्हणाला, "माझंच चुकलं असणार लिहिताना." आणि पुढच्या क्षमेच्या रविवारी, जेव्हा धाकट्यांनी मोठ्यांच्या हाताला ओठ टेकवून माफी मागायची, तेव्हा त्याने ओरेहोवित्सात जाऊन सासूचा हात धरला. "आई, माफ कर. तुझी गाणी माझ्या हातून गेली." म्हातारी म्हणाली, "देव माफ करो, पोरा." तेमेनुगा शेजारी उभी होती, हातात चीज भरलेल्या बानित्साचं ताट घेऊन. तेव्हाही ती गप्प बसली.

सहा दिवस तिने वायरींना शिव्या दिल्या होत्या, लॅपटॉपला, इस्क्रेनला, पाच मिनिटांच्या जाहिरातीला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खोट तिच्या स्वतःच्या मनगटात होती.

ती उठली. ड्राइव्ह उलटा केला. स्क्रूवर लाल लाखेचा थेंब होता, तिच्याच हातचा. चौदा वर्षांत असे हजारो थेंब तिने लावले असतील. फोडायचा कधी प्रसंग आला नव्हता, त्या एका दुपारखेरीज. तिने सुरीच्या टोकाने तो खरवडला. स्क्रू सैल केला. उत्तम जुळलेलं यंत्र बिघडवायचं होतं, आणि या वेळी नेमकं तेवढंच बिघडवायचं होतं. मोजणीचं यंत्र नव्हतं. पण पडद्यावर लाल चौकोन होते.

तिने "आईची गाणी १" आत घातली, डोळे मिटले आणि मनगट फिरवलं. लाल. आणखी जरासं. लाल. जास्त झालं; मागे. आता हा पासष्टीचा हात, आणि त्या दुपारी तो एकोणतीस वर्षांचा होता. "अर्धा डोळा," ती स्वतःशी पुटपुटली, "अर्धा, गाढवे, पाव नाही." पुन्हा फिरवलं. एक चौकोन पिवळा झाला. आणखी केसभर. हिरवा. मग शेजारचा. मग एका ओळीत सगळे, टक-टक-टक.

तिने स्क्रू आवळला आणि नखाला लावायच्या लाल रंगाचा थेंब त्यावर टाकला. मग खाली बसून रडली. आनंदाचं नव्हतं ते रडणं. ल्युबेनने एकही अक्षर चुकीचं लिहिलं नव्हतं.

अक्षरं पडद्यावर आली ती नेहमीच्या किरिल लिपीतली नव्हती. जुन्या यंत्राची रीत नव्याला कळली नव्हती, सगळं बारीक लॅटिन अक्षरांत उमटलं होतं. तिची हरकत नव्हती. तिने वाचता वाचता वेलिकाला फोन लावला. रात्रीचे दहा वाजले होते आणि वेलिकाने उचलताच विचारलं, "कोण मेलं?"

"कोणी नाही. ऐक." आणि तिने पहिलं गाणं वाचलं. दुसऱ्या ओळीला वेलिका तिच्याबरोबर म्हणू लागली. चौथ्या ओळीला चालीत. दोघी बहिणींनी मेंढपाळाचं गाणं संपवलं, बाळंतिणीचं संपवलं.

"सापडलं, तेमे! अगं, सापडलं! काय झालं होतं काय मग? त्याने कुठे चुकवलं होतं?"

इथेही गप्प बसता आलं असतं.

"त्याने नव्हतं चुकवलं. मी चुकवलं होतं." आणि तिने सांगितलं: आगगाडी, बाद माल, मेस्तरीची बाटली, स्क्रू, बक्षीस. सगळं.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"त्या रविवारी," वेलिका म्हणाली, "आईनंतर तो माझ्याकडे आला होता. माझा हात धरून माफी मागायला. मी हात एप्रनमागे घेतला. त्यानंतर दर वर्षी तो यायचा, दर वर्षी मी गाल पुढे करायचे. हात कधी दिला नाही." मग नेहमीचा कडक आवाज परत आला. "कागदावर लिही सगळं. हाताने. मोठ्या अक्षरात, मुलींना चष्मे नाहीत. आणि शनिवारी येताना ती वीट घेऊन ये. मला तो स्क्रू बघायचाय."

शनिवारी सकाळच्या बसने तेमेनुगा पोचली. पिशवीत नवी वही, त्रेचाळीस गाणी, दोन दिवसांत लिहून बोटं सुजलेली, मांडीवर ड्राइव्ह. वेलिकाच्या अंगणात पाच मुली उभ्या होत्या, पांढरे सदरे, डोक्यावर फुलांचे मुकुट, हातात अंड्यांसाठी टोपल्या. वेलिकाने त्यांच्याकडे लक्ष न देता चष्मा नाकावर ओढला आणि ड्राइव्ह उलटा करून धरला.

"हा?"

"हा."

"किती फिरवलास?"

तेमेनुगाने अंगठ्याचं नख दाखवलं. त्याच्याही अर्धं.

वेलिकाने त्या लाल थेंबावरून बोट फिरवलं. "एवढ्यासाठी," ती म्हणाली. ड्राइव्ह तिने बाकावर ठेवला, हळूच, झोपलेलं मूल ठेवावं तसा. "ताई, माफ कर," तेमेनुगा म्हणाली आणि हात धरायला पुढे झाली. वेलिकाने तिला हात दिला, पण मान हलवत. "माझी कशाला मागतेस. ज्याची मागायची त्याची तू पण नाही मागितलीस, मी पण नाही."

मुली चुळबुळत होत्या. सर्वांत मोठीने, रालित्साने, विचारलं, "आजी, पहिलं कोणाच्या दारात?"

"इथेच. माझ्या अंगणात. मास्तरचं गाणं घ्या, वहीत अकरावं आहे."

"पण इथे मास्तर कुठे राहतो?"

"तुला गायला सांगितलंय की शिरगणती करायला?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, वही मधोमध धरली आणि गायला लागल्या. आधी चाचरत, मग पावलं जुळली.

मास्तर बसला बदामाखाली,
मांडीवर पाटी, हातात लेखणी;
चुकलं ते वारा घेऊन गेला,
उरलं ते झालं सोन्याचं पाणी.

गाणं संपलं. बाकावरच्या ड्राइव्हवर ऊन आलं होतं. रिवाज असा की ज्याचं गाणं, त्याने टोपलीत अंडं टाकायचं. रालित्साने टोपली पुढे धरली आणि या म्हातारीकडून त्या म्हातारीकडे बघत राहिली.

"मास्तरचं अंडं कोण देणार?"

दोघी बहिणी एकदमच घराकडे वळल्या.